विमान-देखभाल तंत्रज्ञांसाठी सहकार्य-साधनांची रचना : द्रोणागिरी-पनवेल परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

विमानाची देखभाल-दुरुस्ती हे अनेक व्यक्तींनी, अनेक पाळ्यांमध्ये आणि अनेकदा परस्परांना न भेटता पूर्ण करावयाचे काम आहे. या कामासाठी निर्माण होणाऱ्या संगणकीय साधनांचा भर प्रामुख्याने माहिती साठविण्यावर आणि संदेश पोहोचविण्यावर राहिला आहे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, सहकार्य-साधनाच्या रचनेचा मूळ घटक संदेश नसून 'अपूर्ण काम' हा असला पाहिजे. कोणते काम कोणी, कोठपर्यंत केले आणि आता त्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे साधनाने सतत दृश्यमान ठेवले पाहिजे. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ १९९० व १९९१ मधील दोन विमान-दुर्घटना, सहकार्यविषयक संशोधन आणि मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्र बोलण्यातून उद्भवणारी संदिग्धता यांचा विचार केला आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे द्रोणागिरी, उरण व पनवेल या परिसरासाठी हा विषय निकटचा झाला आहे.

बीजसंज्ञा : विमान-देखभाल, पाळीबदल, सहकार्य-साधने, मानवी घटक, तांत्रिक मराठी, द्रोणागिरी.

१. प्रस्तावना

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराचे नाव धारण करणारी द्रोणागिरी वसाहत ही सिडकोने नवी मुंबईचा एक भाग म्हणून नियोजित केली. तिच्या सान्निध्यात जवाहरलाल नेहरू बंदर आहे. ते १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबई हाय येथील तेल व वायू वाहिन्यांमधून जेथे येतो, तो ओएनजीसीचा उरण प्रकल्पही याच परिसरात आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. त्यानंतर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. बंदर, वायुप्रकल्प आणि विमानतळ या तिन्ही उद्योगांमध्ये एक साम्य आहे. ते पाळ्यांमध्ये चालतात आणि त्यांच्यातील काम एका पाळीत पूर्ण होईलच असे नसते.

विमानतळासाठी पनवेल परिसरातील दहा गावांचे स्थलांतर करावे लागले. या भूमीतील तरुणांना विमानतळावर कोणत्या स्वरूपाचा रोजगार मिळणार, हा प्रश्न येथील प्रत्येक चर्चेत असतो. सामान वाहून नेणे, स्वच्छता, सुरक्षा यांपलीकडे कुशल रोजगाराची जी दालने आहेत, त्यांत विमान-देखभालीचे स्थान महत्त्वाचे आहे. या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्या तरुणाच्या हाती पाना आणि स्क्रूड्रायव्हर यांच्या जोडीने लवकरच टॅब्लेटही येतो. त्या टॅब्लेटवरील साधन त्याचे काम सुरक्षित करते की केवळ अधिक मोजण्याजोगे करते, हे त्या साधनाच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणूनच हा विषय संगणकशास्त्रापुरता मर्यादित नाही. भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र व व्यवस्थापन या विद्याशाखांचाही त्याच्याशी संबंध येतो.

प्रस्तुत विवेचन प्रकाशित चौकशी-अहवाल, नियमावली आणि पूर्वसंशोधन यांवर आधारित असून त्याची पद्धती वर्णनात्मक-विश्लेषणात्मक आहे.

२. विमान-देखभाल तंत्रज्ञाच्या कामाचे स्वरूप

विमान-देखभालीचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार लाइन मेंटेनन्सचा. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत किंवा रात्रीच्या मुक्कामात विमानाची तपासणी, टायर व ब्रेक बदलणे, वैमानिकाने टेक लॉगमध्ये नोंदविलेले दोष दूर करणे अशी कामे त्यात येतात. दुसरा प्रकार बेस मेंटेनन्सचा. त्यात विमान हँगरमध्ये आणून कित्येक दिवस, प्रसंगी कित्येक आठवडे, त्याचे भाग उघडून तपासले जातात. महाराष्ट्राला या दुसऱ्या प्रकारच्या कामाचा जुना अनुभव आहे. मुंबई विमानतळावर एअर इंडियाचे अभियांत्रिकी विभाग अनेक दशके कार्यरत होते. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग १९६४ पासून मिग विमानांच्या निर्मितीसाठी उभा राहिला आणि तेथे लढाऊ विमानांची संपूर्ण दुरुस्तीही होऊ लागली. नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोईंग कंपनीने एअर इंडियासाठी बांधलेले देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले.

भारतात नागरी विमानांच्या देखभालीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजेच डीजीसीएचे, नियंत्रण असते. देखभाल संस्थेच्या मान्यतेसाठी सीएआर-१४५ आणि देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी सीएआर-६६ ही नियमावली लागू आहे. या व्यवस्थेतील एक गोष्ट येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे : प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती आणि विमान सेवेत परत देण्यायोग्य असल्याचे प्रमाणित करणारी व्यक्ती या भिन्न असू शकतात. तंत्रज्ञ काम करतो, निरीक्षक ते तपासतो, परवानाधारक अभियंता स्वाक्षरी करतो, नियोजन विभाग टास्क कार्ड पुरवितो आणि भांडार विभाग सुटे भाग देतो. एका साध्या दुरुस्तीलाही पाच-सहा व्यक्तींचा हातभार लागतो.

कामाची भौतिक परिस्थितीही साधनकर्त्याने समजून घेतली पाहिजे. तंत्रज्ञाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. हातात मोजे आणि त्यांवर ग्रीस असते. इंधनटाकीत किंवा चाकांच्या कप्प्यात शिरलेल्या माणसाला पडद्याकडे पाहता येत नाही. धावपट्टीलगतच्या कोलाहलात कानांवर संरक्षक आवरण असते. विमानात विसरलेले कोणतेही अवजार घातक ठरू शकत असल्याने प्रत्येक पान्याचा हिशेब ठेवावा लागतो. टॅब्लेट हेदेखील या दृष्टीने एक अवजारच आहे. कार्यालयातील टेबलाशी बसून काम करणाऱ्यांसाठी तयार झालेले साधन येथे जसेच्या तसे आणणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

३. दोन दुर्घटना : एकाकी काम आणि तुटलेले काम

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९० मधील विमानाची, वैमानिकासमोरची काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर निखळून पडली. कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरविले आणि कप्तानाचे प्राण वाचले. ही काच उड्डाणापूर्वी सुमारे २७ तास आधी बदलण्यात आली होती. ती बसविणाऱ्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा कमी व्यासाचे होते. उर्वरित सहांचा व्यास योग्य होता, परंतु त्यांची लांबी कमी होती. मनुष्यबळ कमी असल्यामुळे रात्रपाळीच्या प्रमुखाने हे काम स्वतःच हाती घेतले होते. काढलेल्या जुन्या बोल्टशी नवे बोल्ट नजरेने जुळवून त्याने ते निवडले. त्या काळच्या नियमानुसार या कामाला दुसऱ्या व्यक्तीच्या स्वतंत्र तपासणीची सक्ती नव्हती. अनुभवी आणि निष्ठावान माणूस एकटा पडला की त्याच्या चुकीला अडविणारे कोणी उरत नाही, हे या घटनेने दाखविले.

दुसरी घटना ११ सप्टेंबर १९९१ ची. अमेरिकेत लारेडोहून ह्यूस्टनला जाणारे काँटिनेंटल एक्सप्रेसचे उड्डाण २५७४ टेक्सासमधील ईगल लेकजवळ कोसळले आणि विमानातील सर्व १४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. आदल्या रात्री या विमानाच्या शेपटीवरील आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला असलेली, बर्फ साचू न देणारी रबरी आवरणे बदलण्याचे काम सुरू झाले होते. तंत्रज्ञांना मदत व्हावी म्हणून संध्याकाळच्या पाळीच्या एका निरीक्षकाने वरच्या पृष्ठभागावरील स्क्रू काढले. ते त्याने उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंचे काढले. पुढे त्या रात्री केवळ उजव्या बाजूचेच आवरण बदलले गेले. डाव्या बाजूचे ४७ स्क्रू पुन्हा बसविलेच गेले नाहीत. शेपटी उंचावर असल्याने जमिनीवरून हा वरचा पृष्ठभाग दिसत नव्हता. सकाळी विमान सेवेत गेले.

या घटनेतील एक तपशील सहकार्य-साधनांच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाळी संपताना त्या निरीक्षकाने हस्तांतरणाच्या कागदावर आपण मदत केल्याची नोंद केली होती. तथापि पुढच्या पाळीच्या निरीक्षकाने तो कागद आधीच वाचलेला होता आणि त्या वेळी ती नोंद त्यावर झालेली नव्हती. लिहिणाऱ्याने लिहिले, वाचणाऱ्याने वाचले, आणि तरीही माहिती पोहोचली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने देखभाल व निरीक्षण कर्मचाऱ्यांनी विहित कार्यपद्धती न पाळल्याचा निष्कर्ष काढला. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी मात्र भिन्नमत नोंदवून, सुरक्षित कार्यसंस्कृती निर्माण करण्यात व्यवस्थापनाला आलेले अपयश हेही कारणांमध्ये गणले पाहिजे, असा आग्रह धरला.

महाराष्ट्रातही संवादातील गफलतीची किंमत तंत्रज्ञाने प्राणाने चुकविल्याचे उदाहरण आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेले विमान मागे ढकलण्याच्या प्रक्रियेत असताना एक तंत्रज्ञ इंजिनात खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. जमिनीवरील माणसे आणि वैमानिककक्ष यांच्यातील संकेताच्या गैरसमजाचा मुद्दा त्या वेळी पुढे आला होता. देखभालीतील सहकार्याचा प्रश्न प्रवाशांइतकाच स्वतः तंत्रज्ञाच्याही जिवाचा आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

४. पाळीबदल : सहकार्याची कसोटी

उपरोक्त घटनांपैकी १९९१ ची घटना पाळीबदलाच्या वेळी घडणाऱ्या माहितीच्या ऱ्हासाचे अभिजात उदाहरण मानली जाते. हा ऱ्हास केवळ विमान-व्यवसायापुरता नाही. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी झालेल्या स्फोटांत १६७ जणांचा मृत्यू झाला. तेथील एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही गोष्ट रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना ज्ञात झाली नाही आणि त्यांनी तो पंप सुरू केला. लॉर्ड कलेन यांच्या चौकशी-अहवालाने १९९० मध्ये कामाच्या परवान्यांची पद्धती आणि पाळीबदलाचे हस्तांतरण यांवर नेमके बोट ठेवले. तेल-वायू प्रकल्प आणि विमानतळ ज्या परिसरात शेजारी आहेत, त्या उरण-द्रोणागिरीच्या दृष्टीने हे साम्य दूरचे नाही.

सीएआर-१४५ ज्या युरोपीय नियमावलीच्या धर्तीवर बेतलेली आहे, तिच्यात याविषयी स्पष्ट तरतूद आहे : पाळी किंवा व्यक्ती बदलल्यामुळे काम पुढे सोपवावे लागल्यास जाणाऱ्या व येणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये संबंधित माहितीची पुरेशी देवाणघेवाण झाली पाहिजे. यातील 'पुरेशी' हा शब्द कळीचा आहे. नियम कर्तव्य सांगतो. ते पार पाडण्याचे साधन सांगत नाही. ते साधन घडविणे हेच रचनाकाराचे क्षेत्र होय.

पाळीबदलाच्या वेळी वस्तुतः तीन गोष्टींचे हस्तांतरण होते. पहिली, विमानाची स्थिती : काय उघडले आहे, काय सुटे आहे, काय सैल आहे. दुसरी, कामाचा हेतू : पुढे काय करावयाचे ठरले होते आणि का. तिसरी, जबाबदारी : आता यापुढे उत्तरदायी कोण. टास्क कार्डावरील स्वाक्षऱ्या पूर्ण झालेल्या टप्प्यांची साक्ष देतात. अर्ध्यावर थांबलेला टप्पा मात्र कार्डावर रिकामा दिसतो, आणि मुळीच सुरू न झालेला टप्पाही रिकामाच दिसतो. १९९१ च्या त्या रात्री डाव्या बाजूचे काम याच रिकाम्या चौकटीत हरवले. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन यातूनच उद्भवते : न केलेले आणि अर्धवट केलेले यांतील भेद दाखवू न शकणारे साधन, ते कागदी असो वा संगणकीय, सहकार्याचे साधन ठरू शकत नाही.

५. पूर्वसंशोधन काय सांगते

संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या सहकार्याचा अभ्यास ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून १९८४ पासून ओळखली जाऊ लागली. आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांनी त्या वर्षी या विषयावर अभ्यासकांना एकत्र आणले. तंत्रज्ञांच्या संदर्भात या शाखेतील तीन निष्कर्ष उपयुक्त आहेत.

पहिला निष्कर्ष ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाचा. झेरॉक्स कंपनीच्या छायाप्रतयंत्र-दुरुस्ती तंत्रज्ञांचा त्याने केलेला अभ्यास १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. यंत्रांचे अवघड दोष अधिकृत पुस्तिकेतून सुटत नाहीत. तंत्रज्ञ एकमेकांना सांगत असलेल्या अनुभवकथांमधून सुटतात, असे त्याला आढळले. या जाणिवेतून झेरॉक्सने 'युरेका' नावाची व्यवस्था निर्माण केली. तंत्रज्ञांनी सुचविलेले उपाय सहकारी तंत्रज्ञ तपासत आणि मान्य झालेला उपाय सुचविणाऱ्याच्या नावासह सर्वांना उपलब्ध होई. आर्थिक मोबदल्यापेक्षा नावाची ओळख तेथे अधिक परिणामकारक ठरली.

दुसरा निष्कर्ष दृश्य-साहाय्याविषयी आहे. बोईंगमधील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये, विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगाराला डोक्यावरील पडद्यातून मार्गदर्शन करण्याची कल्पना मांडली आणि 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' ही संज्ञा रूढ झाली. या तंत्राचे आकर्षण आजही मोठे आहे. मात्र दृश्य दाखविले म्हणजे सहकार्य साधले, असे म्हणता येत नाही. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सायकल-दुरुस्तीच्या कामावर केलेल्या प्रयोगात दूरस्थ तज्ज्ञाच्या मदतीने दुरुस्ती अधिक चांगली झाली, परंतु आवाजाच्या जोडीला चित्र दिल्याने दुरुस्तीच्या गुणवत्तेत भर पडली नाही. बोलण्याची पद्धत तेवढी बदलली. सुसान फसेल यांच्यासह २००० मध्ये झालेल्या प्रयोगात शेजारी उभ्या असलेल्या तज्ज्ञाची मदत कॅमेऱ्यातून मिळणाऱ्या मदतीपेक्षा सरस ठरली. शेजारचा माणूस बोट दाखवू शकतो आणि समोरच्याचे हात चुकीच्या दिशेने वळताना पाहून वेळीच थांबवू शकतो, हे सामर्थ्य साध्या कॅमेऱ्यात येत नाही.

तिसरा निष्कर्ष मानवी घटकांविषयीचा. कॅनडातील गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३ च्या सुमारास देखभालीतील चुकांची बारा कारणे सूत्ररूपाने मांडली. त्यांत संवादाचा अभाव, संघभावनेचा अभाव, थकवा, दडपण यांचा समावेश होतो. भारतातील परवाना-अभ्यासक्रमातही मानवी घटकांचा स्वतंत्र विभाग आहे. तंत्रज्ञ हे सूत्र परीक्षेसाठी शिकतो. तो ज्या साधनावर रोज काम करतो, त्या साधनाच्या रचनेत मात्र या कारणांचा विचार दिसला पाहिजे.

६. भाषेचा प्रश्न

देखभालीची पुस्तके इंग्रजीत असतात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञांचा विचार करून युरोपीय विमान-उद्योगाने १९८६ मध्ये सुलभ तांत्रिक इंग्रजीचे नियम प्रसिद्ध केले. तेच पुढे एएसडी-एसटीई १०० या नावाने ओळखले जाऊ लागले. एका शब्दाला एकच अर्थ हे त्याचे तत्त्व. कृतीचे वाक्य २० शब्दांपेक्षा मोठे नसावे, असा त्यात दंडक आहे. 'क्लोज' हा शब्द केवळ 'बंद करणे' या अर्थी वापरावयाचा. 'जवळ' या अर्थी 'नियर' हाच शब्द योजावयाचा. 'फॉलो' म्हणजे 'नंतर येणे'. 'सूचनांचे पालन करणे' या अर्थी 'ओबे'.

पुस्तकातील भाषा अशी आखीव झाली, तरी हँगरमधील बोलणे आखीव होत नाही. मुंबई, नागपूर किंवा नवी मुंबई येथील तंत्रज्ञांचे बोलणे मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडते. पाळीबदलाची खरी माहिती या बोलण्यातून जाते आणि इंग्रजी नोंद तिचा संक्षेप असतो. या बोलण्यातील संदिग्धतेची काही स्थाने येथे नोंदविणे उचित ठरेल.

'बोल्ट लावले' या मराठी वाक्यातून बोल्ट भोकात घातले, हाताने आवळले, की टॉर्क रेंचने विहित बलापर्यंत पक्के केले, याचा उलगडा होत नाही. 'बघितले आहे' म्हणजे नजर टाकली की नियमानुसार तपासणी केली, हेही अनिश्चित राहते. 'झाले आहे' आणि 'होत आले आहे' यांतील अंतर थकलेल्या पहाटे फार कमी होते. याहून सूक्ष्म बाब व्याकरणाची आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते आणि कर्ता सहज गळतो. 'डावीकडचे स्क्रू काढले आहेत' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे, पण ते कोणी काढले हे त्यात नाही. हिंदीतील 'कल' शब्द कालही आहे आणि उद्याही. क्रियापदावरून त्याचा अर्थ ठरतो, आणि घाईच्या तुटक वाक्यात नेमके क्रियापदच सुटते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत मराठीतील 'आज' आणि 'उद्या' यांचीही तीच गत होते. विमानाची डावी-उजवी बाजू नाकाकडे तोंड करून ठरविली जाते. विमानासमोर उभा असलेला माणूस स्वतःच्या डाव्या हाताकडे बोट करतो, तेव्हा तो विमानाची उजवी बाजू दाखवीत असतो.

मराठीत बोलू नये, असा निष्कर्ष यावरून काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. परक्या भाषेत टंकलिखित करावे लागल्यास तंत्रज्ञ कमीत कमी लिहितो, आणि 'मदत केली' यासारख्या निरुपद्रवी वाक्यात ४७ स्क्रू लपून जातात. स्वतःच्या भाषेत तो सविस्तर सांगतो. तेव्हा साधनाने त्याचे बोलणे स्वीकारावे आणि संदिग्ध स्थाने नेमक्या प्रश्नांनी भरून घ्यावीत, हाच मार्ग श्रेयस्कर होय. कायदेशीर स्वाक्षरीची नोंद अर्थातच विहित इंग्रजी स्वरूपातच राहील.

७. रचनेची मार्गदर्शक तत्त्वे

उपरोक्त विवेचनावरून सहकार्य-साधनाच्या रचनेसाठी पुढील तत्त्वे मांडता येतात.

१) प्रत्येक टप्प्याला किमान चार अवस्था असाव्यात : सुरू न झालेला, सुरू पण अपूर्ण, पूर्ण पण न तपासलेला आणि तपासून प्रमाणित. रिकामी चौकट ही अवस्था असू नये.

२) विमानाच्या आकृतीवर उघडलेले व सुटे भाग दिसावेत. कामाची यादी क्रमाने वाचणाऱ्याला जे निसटते, ते आकृतीवर एका दृष्टिक्षेपात जाणवते. बाजू निवडताना आकृतीतील नाकाची दिशा ठळक असावी.

३) नेमून न दिलेली मदत नोंदविणे अत्यंत सोपे असावे. सहकाऱ्याला सहज दिलेला हात ही चांगल्या हँगरची खूण आहे. ती नोंदविण्यासाठी दहा चौकटी भराव्या लागल्या तर ती नोंद होणार नाही.

४) हस्तांतरण दुहेरी असावे. जाणाऱ्याने सांगावे आणि येणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगून स्वीकारावे. स्वीकार होईपर्यंत जबाबदारी पहिल्याकडेच राहावी. स्वीकारानंतर झालेली नवी नोंद येणाऱ्याला आपोआप कळविली जावी.

५) आवाजाची नोंद मराठी, हिंदी वा मिश्र भाषेत करता यावी. 'कोणी', 'कोणती बाजू', 'कोठपर्यंत' आणि 'तारीख-वेळ' या चार प्रश्नांची उत्तरे मात्र निवडीतूनच द्यावी लागावीत.

६) साधनाने प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ नये. दोन पाळ्यांमध्ये काही मिनिटांची सामाईक वेळ आणि विमानापाशी उभे राहून केलेले हस्तांतरण यांना साधनाने पूरक असावे.

७) मोजे घातलेल्या हाताने, अंधुक प्रकाशात आणि जाळे उपलब्ध नसतानाही साधन चालावे. जाळे परत आल्यावर दोन नोंदींमध्ये विसंगती आढळल्यास ती लपवू नये, संबंधितांसमोर ठेवावी.

यांपैकी तिसरे आणि चौथे तत्त्व १९९१ च्या घटनेला लावून पाहता येते. निरीक्षकाने दिलेली मदत आकृतीवर डाव्या बाजूला 'सुरू पण अपूर्ण' अशी उमटली असती. ती नोंद उशिरा झाली असती, तरी पुढील निरीक्षकाला त्याची सूचना मिळाली असती. दुर्घटना टळलीच असती, असे विधान करणे धाडसाचे होईल. परंतु ती टाळण्याची संधी एकाऐवजी अनेकांना मिळाली असती.

८. मर्यादा आणि आक्षेप

अशा साधनांविषयी तंत्रज्ञांच्या मनात असणारी शंका निराधार नाही. कोणी काय, केव्हा केले हे दाखविणारे साधन कोण किती वेळ रिकामा होता हेही दाखवू शकते. अपूर्ण कामाची प्रामाणिक नोंद शिक्षेचा पुरावा ठरणार असेल, तर ती नोंद होणार नाही. काम पूर्ण झाल्याची खोटी खूण मात्र होईल. म्हणजेच साधन सुरक्षिततेसाठी आणले जाईल आणि असुरक्षितता झाकण्याचे काम करील. प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा यांत भेद करणारी न्याय्य कार्यसंस्कृती ही या साधनाची पूर्वअट आहे. पाळीबदलाच्या नोंदी कामगिरी-मूल्यमापनासाठी वापरल्या जाणार नाहीत, असे अभिवचन तंत्रज्ञांना लेखी मिळणे इष्ट आहे. लॉबर यांच्या भिन्नमताचा अर्थ येथे प्रत्ययास येतो.

आवाज-ओळखीच्या तंत्राच्याही मर्यादा आहेत. कोलाहल, मिश्र भाषा आणि आगरी-कोळी वळणाची बोली यांमुळे यंत्राकडून चुकीचे शब्द उमटण्याचा संभव असतो. म्हणून मूळ आवाज जपून ठेवणे आणि यंत्राने केलेल्या लिप्यंतरावर कोणताही सुरक्षाविषयक निर्णय न सोपविणे आवश्यक ठरते. त्याचप्रमाणे, साधन कितीही चांगले असले तरी अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई ते करू शकत नाही. १९९० च्या त्या रात्री पाळीप्रमुख एकटा होता, हे विसरून चालणार नाही.

९. निष्कर्ष

विमान-देखभालीतील सहकार्य हे मूलतः अपूर्ण कामाचे सुरक्षित हस्तांतरण आहे. साधनाने संदेशांची संख्या वाढविण्यापेक्षा अर्धवट अवस्था, कर्ता आणि जबाबदारी या तीन गोष्टी दृश्यमान केल्या पाहिजेत. हे साधण्यासाठी तंत्रज्ञाच्या बोलण्याच्या भाषेला रचनेत स्थान देणे अपरिहार्य आहे.

उरण-पनवेल परिसरातील महाविद्यालयांना या संदर्भात प्रत्यक्ष कार्य करता येण्यासारखे आहे. मराठी व हिंदी विभागांनी बंदर, प्रकल्प व विमानतळ येथील कामगारांच्या बोलण्याचा संग्रह करून संदिग्ध क्रियापदांची सूची तयार करावी. संगणकशास्त्र विभागांनी त्या सूचीवर आधारित हस्तांतरण-नोंदीचा नमुना तयार करून तो आयटीआयच्या कार्यशाळेत, विमानाऐवजी मोटारीच्या इंजिनावर, दोन गटांच्या पाळीबदलातून तपासावा. मानसशास्त्र विभागांनी गटांच्या चुकांची तुलना करावी. अशा प्रयोगास मोठ्या निधीची गरज नाही आणि कोणाच्या जिवाला धोकाही नाही. त्यातून शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे हँगरमध्ये गेला, तर 'बोल्ट लावले' असे सांगणाऱ्या सहकाऱ्याला तो 'टॉर्क दिला का, आणि कोणी दिला?' असे विचारील. हा प्रश्न विचारण्याची सवय रुजविणे हे अध्यापकांच्या हाती आहे.